गोटीची शिकार-नोंद: होळी ते मृग

होळीनंतर

उन्हानं डोकं वर काढलं तसं माझ्या मांजरीचं, गोटीचं, वेळापत्रक फिरलं. धुळ्यात दुपारी गच्चीवरून खाली झिरपणारी धग म्हणजे विचारू नका. बाई कूलरसमोर पाय ताणून पडतात आणि सूर्य कलेपर्यंत कानही हलवत नाहीत. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारं जनावर. म्हणून आता खेळ उजाडताना आणि रात्री जेवणं उरकल्यावर. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली की तिथंच आवरतं घ्यायचं. कुत्र्यानं तसं करणं नेहमीचं, मांजरानं नाही.

नवी काठी केली. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाची, सोलून, टोकं घासून. हलकी आणि ताठ असल्यानं टोकाची हालचाल नेमकी साधते. टोकाला जाड सुती नाडी आणि तिला चिंधीची गाठ. खेळ संपला की काठी कपाटात, कुलूप नसलं तरी कडी लावून. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आत-आतच जातो. आतड्यात अडकला तर आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. संक्रांतीचा मांजा, शिवणाचा दोरा, रबरबँड, सगळ्याला हाच नियम.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास

खेळणं कोणतं याला मी चार आणे महत्त्व देतो, हालचालीला बारा आणे. नवशिके चिंधी मांजराच्या नाकासमोर नाचवतात. कोणता उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाकडे धावतो? चिंधी तिच्यापासून लांब पळाली पाहिजे. थोडं सरपटायचं, थबकायचं, मग गादीच्या कडेआड अर्धी दडवायची. खरी मजा त्या थबकण्यात आहे. गोटी पोट जमिनीला टेकवते, बुबुळं मोठी होतात, मागचा भाग डुलायला लागतो, आणि झेप! तिला उडतं पाखरू फारसं रुचत नाही. भिंतीवरची पाल, म्हणजे सरपटत जाऊन एकदम थिजणारं काहीतरी, हा तिचा खास प्रांत. तुमच्या मांजराचा कोणता ते पाहून घ्या.

शेजारच्या आजी दारातून बघत होत्या. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हटलं, शिकार शिकवतोय. त्यांनी कपाळाला हात लावला.

आखाजीला भाच्या आल्या, सोबत लेझरचा लाल ठिपका घेऊन. गोटी भिंतीवर चढायची बाकी राहिली. पण ठिपका पंजाखाली कधीच सापडत नाही. दबा, पाठलाग, झेप, चावा आणि मग खाणं अशी शिकारीची साखळी असते, ती ठिपक्यानं अर्ध्यावरच तुटते. काही मांजरं त्यापायी नंतर सावल्यांमागे धावत सुटतात. भाच्यांना अट घातली: डोळ्यांवर मारायचा नाही, आणि शेवटी ठिपका खाऊच्या दाण्यावर नेऊन विझवायचा. दोघींनी इमानदारीनं पाळली.

काठीच्या खेळातही शेवटी चिंधी पकडू द्यायची, चावू द्यायची, मागचे पाय मारू द्यायचे, आणि लगेच रात्रीचं जेवण वाढायचं. मग ती अंग चाटते आणि झोपते. पहाटे चारला माझ्या पायाच्या अंगठ्यावर होणारे हल्ले यामुळेच थांबले.

आता, मृग लागल्यावर

वजन ५.२ वरून ४.८ किलो. काट्यावर तिला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. घाई मात्र नको. लठ्ठ मांजर उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. खाणं थोडं कमी आणि धावणं जास्त, एवढंच केलंय.

तीच तीच चिंधी ओळखीची झाली की गोटी तोंड फिरवते. म्हणून खेळणी आलटून-पालटून काढतो. सगळ्यात टिकाऊ निघाला तो केळीचा रिकामा खोका. बाजूला दोन भोकं, आत कोरड्या खाऊचे दाणे, पंजा घालून काढत बसते. वाटीतलं आयतं खाणं तिला आता फिकं वाटत असावं.

पाऊस पडला की रस्त्याकडेला खोकली उगवेल. तिची ताजी मुळी उपटली की बरीच मांजरं तिच्यावर लोळतात, मांजरांना भुरळ घालणाऱ्या विलायती कॅटनिप या झाडासारखंच. कॅटनिपला काही मांजरं ढिम्म हलत नाहीत, तो गुण उपजत असतो. गोटी त्यातलीच, म्हणून खोकलीवर आशा आहे. मुळी नीट धुऊन, फवारा न मारलेल्या जागेची घेणार, आणि फक्त हुंगायला देणार, खायला नाही. कुणी आधी करून पाहिलं असेल तर मांजर किती वेळ गुंतलं ते कळवा.