आमची वाटचाल: पगार मालकाचा, टीप गिऱ्हाइकाची

हॉटेल काढायचं ठरल्यावर आम्हा भागीदारांची सगळ्यात जास्त चर्चा झाली ती वेटरच्या पगारावर. या धंद्यात सर्रास ऐकू येतं, ‘पगार कमी ठेवा, टीप मिळतेच की त्यांना.’ आम्हाला ते कधीच पटलं नाही. शनिवारी रात्री गर्दीची टेबलं सांभाळणाऱ्याचा खिसा भरतो. तोच माणूस मंगळवारी दुपारी तेवढाच वेळ उभा राहतो आणि हाती काही लागत नाही. घरभाडं काही त्याप्रमाणे कमीजास्त होत नाही.

अमेरिकेत तर ही रीत कायद्यातच बसली आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचं किमान वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार तासाला २.१३ डॉलर. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. टीप धरून तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे तिथलं केंद्रीय सर्वसाधारण किमान वेतन, भरले नाहीत, तरच फरक मालकाने द्यायचा. म्हणजे गिऱ्हाईक वेटरसाठी पैसे ठेवतं आणि भार हलका होतो मालकाचा! कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मालकांना ही सवलत दिलेली नाही, ते योग्यच आहे.

आम्ही पगार पूर्ण दिला आणि तो पदार्थांच्या दरातच धरला. दर चढे राहिले, काही जण मेन्यूकार्ड बघून उठून गेले. तरी बिलाखाली सर्व्हिस चार्जची ओळ आम्ही टाकली नाही.

टीप घेतो, पण ती सगळ्यांची. रात्री शटर ओढलं की काउंटरवरचा डबा सर्वांसमोर उघडतो. कार्डावरून आलेली टीप वहीत मांडलेली असते, ती त्यात मिळवायची आणि तासांप्रमाणे वाटायची. भटारखान्यातले आणि भांडी घासणारेही त्यात आले. भागीदारांना त्यातला एक पैसाही नाही. यावर वाद झाला. ‘गिऱ्हाइकाला सांभाळलं मी, मग वाटा सगळ्यांना का?’ एका जुन्या वेटरने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून वेटरचा हिस्सा थोडा जास्त ठेवला. पण ताट स्वच्छ आणि गरम पोचतं ते आतल्या माणसांमुळे, हे आम्ही सोडलं नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून टिपेतून मालकाला काही ठेवून घेता येत नाही. वाटपाचं धोरणही लेखी लागतं. आमचेही नियम आता भटारखान्याच्या दारावर लावले आहेत. आजारपणाच्या रजेत पगार मिळतो, टिपेचा वाटा बुडतो. तो कसा भरून द्यायचा, याचं बोलणं सध्या सगळ्यांशी चालू आहे.