लेबलवर नाव लिहिलेली रेकॉर्ड

ब्रिटनमधल्या कुठल्याही चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, शिरा. मागच्या भिंतीपाशी, जिगसॉ कोडी आणि कान तुटलेल्या कपांच्या शेजारी, सात इंची सिंगल्सचं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड्सचं, एक खोकं असतंच. त्यात बोटं फिरवायला लागलं की थोड्याच वेळात दोन रेकॉर्ड्स हाताला लागणार, हे मी आता धरूनच चालतो. एक, पॉल मॅकार्टनीच्या विंग्ज या बँडची 1977 सालची 'मल ऑफ किंटायर'. दुसरी, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 1984च्या नाताळात काढलेली 'डू दे नो इट्स ख्रिसमस'. ब्रिटनमध्येच पहिलीच्या 20 लाखांवर प्रती खपल्या, दुसरीच्या 30 लाखांवर. त्यामुळे आता त्यांना कुणी कुत्रं विचारत नाही. या बाजाराचा न्यायच उलटा. जी गाजली ती पन्नास पेन्सला पडून राहते, आणि जी साफ आपटली तिच्यासाठी लोक खिसे रिकामे करतात.

माझा खिसा मुळातच रिकामा, त्यामुळे दुर्मिळ रेकॉर्ड्सच्या नादाला मी लागत नाही. मी शोधतो ती वापरलेली, हाताळलेली, शक्यतो कुणीतरी लिहून ठेवलेली सिंगल. व्यापारी अशा प्रतीच्या पाकिटावर 'डब्ल्यूओएल' असा शेरा मारतात, म्हणजे 'रायटिंग ऑन लेबल', रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर कुणीतरी लिहिलंय, आणि किंमत उतरवतात. माझ्या दृष्टीने खरा माल तिथेच सुरू होतो. साठच्या दशकातली पोरं आपल्या सिंगल्स काखोटीला मारून एकमेकांच्या घरच्या पार्टीला जायची. पार्टी संपल्यावर कुणाची कुठली यावरून भांडणं नकोत म्हणून लेबलवर नाव घालायचं. काही शिस्तीची पोरं नंबरही टाकायची. एका रेकॉर्डवर '37' बघितला की बाकीच्या छत्तीस कुठे गेल्या असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

या वेळी सुरुवात लंडनच्या सोहोतून केली. बर्विक स्ट्रीट म्हणजे ओएसिस या बँडच्या 1995च्या आल्बमच्या कव्हरवर दिसतो तो रस्ता. रेकॉर्डची दुकानं अजून आहेत, पण भाव पर्यटकांना बघून लावलेले. तिथे मी विकत कमी घेतलं आणि बघितलं जास्त. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ रेकॉर्ड कडांनी धरून दिव्याखाली तिरकी करायचे, मग लेबलकडे, मग लेबल आणि शेवटचा चर यांमधल्या कोऱ्या पट्टीकडे बघायचे. कव्हरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बरोबरच आहे, कव्हरं बदलली जातात. रेकॉर्ड मात्र स्वतःबद्दल खोटं बोलत नाही.

त्या कोऱ्या पट्टीवर मॅट्रिक्स नंबर असतो. कुठल्या साच्यातून प्रत निघाली हे त्यावरून कळतं. कधी तिथे हाताने कोरलेली अक्षरंही सापडतात. जॉर्ज पेकहॅम नावाचा एक कटिंग इंजिनिअर, म्हणजे साच्यासाठीच्या मूळ तबकडीवर गाण्याचे चर कापणारा तंत्रज्ञ, स्वतः कापलेल्या मास्टरवर 'अ पॉर्की प्राइम कट' असं कोरायचा. गाणं कुणाचंही असो, पॉर्कीची सही दिसली की मी हरखतो. गायकांची नावं सगळ्यांना पाठ असतात. सुई कशी चालेल ते ठरवणारा माणूस एवढ्या एका ओळीपुरताच भेटतो.

लेबलवर तर सरकारही हजर असतं. साठच्या दशकातल्या पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीच्या काही सिंगल्सवर 'ठरलेल्या किमतीच्या अटींवरच विक्री' अशा अर्थाची ओळ छापलेली दिसते, कारण तेव्हा दुकानदाराला मनाने भाव कमी करण्याची मुभा नव्हती. मधल्या भोकाजवळ 'केटी' अशी अक्षरं ठशाने उमटवलेली असतात, तो खरेदी कराचा संकेत. प्रेमगीतावर कराचा शिक्का!

एका सकाळी मुद्दाम हेजला गेलो. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या वाटेवरचं हे उपनगर. ग्रामोफोन कंपनीच्या इथल्या कारखान्याची कोनशिला 1907मध्ये गायिका नेली मेल्बाच्या हस्ते बसली, आणि पुढे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्ड्स इथूनच देशभर गेल्या. आज त्या आवाराला 'द ओल्ड व्हाइनिल फॅक्टरी' म्हणतात आणि तिथे फ्लॅट आहेत. बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, खोटं कशाला सांगू. एक कॉफी घेतली आणि परत स्टेशन गाठलं.

विगनची गोष्ट वेगळी. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून थेट गाडी आहे. कोळसा आणि कापडगिरण्यांवर वाढलेलं हे उत्तरेकडचं गाव. इथल्या विगन कसिनो या नाचाच्या क्लबमध्ये सप्टेंबर 1973 ते डिसेंबर 1981 या काळात 'ऑलनायटर' व्हायचे. नाच मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचा आणि सकाळी 8 वाजता संपायचा. दारू मिळत नसे. नाचायला आलेल्यांना हवी असायची अमेरिकेतली साठच्या दशकातली, वेगवान तालाची, आणि मुख्य म्हणजे तिकडे कुणी न घेतलेली सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतातून आलेली गाणी. डेट्रॉइट-शिकागोच्या गोदामांत धूळ खात पडलेल्या सिंगल्स आणून डीजे इथे वाजवायचे. जी रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही ती आपल्याकडे असणं हीच डीजेची पत. म्हणून लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं नाव चक्क खोटं सांगायचे. फ्रँक विल्सनची 1965मधली 'डू आय लव्ह यू' अशीच 'एडी फॉस्टर'च्या नावाने वाजली. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने ती बाजारात आणलीच नव्हती आणि छापलेल्या प्रती नष्ट केल्या होत्या. वाचलेल्यांपैकी एक 2009 साली 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली.

कसिनोची इमारत आता नाही. ती 1982मध्ये जळाली, आणि आज त्या जागी ग्रँड आर्केड नावाचा मॉल आहे. सरकत्या जिन्यावर उभं राहून इथेच कुठेतरी पोरं गिरक्या घेत असतील असं मनाशी म्हटलं, पण समोर सेलच्या पाट्या होत्या, कल्पना फार चालली नाही.

रेकॉर्ड्स मात्र गावातच होत्या. एका हॉलमध्ये फेअर भरला होता. टेबलामागचा विक्रेता साठीच्या पुढचा. एक तरुण गिऱ्हाईक अमेरिकन सिंगल हातात घेऊन, मधली चकती गायब आहे म्हणून दोन पौंड कमी करा म्हणत होतं. विक्रेत्याने शांतपणे सांगितलं, "तिला मधली चकती कधी नव्हतीच." अमेरिकेत मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या सिंगल्सना मुळातच 38 मिलिमीटरचं मोठं भोक असतं. ब्रिटिश सिंगलचं भोक लहान. ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रात, घालायची असेल तर तिचा मधला भाग दाबून काढायचा. तसा भाग काढलेली ब्रिटिश सिंगल दिसली की ओळखावं, हिने बरीच वर्षं कुठल्यातरी पबमध्ये नाणी गोळा केली आहेत. अशी प्रत वाजवायला प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो आणि ती खरखरतेही. मी त्या दिवशी अशा तीन घेतल्या.

मग त्याच विक्रेत्याला अमेरिकन गायिका ग्लोरिया जोन्सच्या 'टेंटेड लव्ह'बद्दल विचारलं. साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत निघालेल्या एका सिंगलची ही मागची बाजू. पुढचीही चालली नाही, मग मागची कोण ऐकणार? 1973मध्ये रिचर्ड सर्लिंग या डीजेला अमेरिकेच्या फेरीत तिची प्रत मिळाली, ती इथल्या क्लबांत वाजली, आणि 1981मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने तेच गाणं सिंथेसायझरवर करून ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिला नंबर गाठला. विक्रेत्याचा चेहरा एकदम कडक झाला. "मूळ प्रत माझ्याकडे नाही, असती तरी विकली नसती. आणि ती दुसरी हवी असेल तर चॅरिटी शॉपमध्ये जा."

त्याचा तिरस्कार मला पटत नाही. ती दुसरी निघाली नसती तर पहिलीची गोष्ट विगनच्या बाहेर किती जणांनी ऐकली असती? फेअरमधून बाहेर पडून मी दोन गल्ल्या पलीकडच्या चॅरिटी शॉपमध्ये गेलो. खोकं होतं. मॅकार्टनी बाजूला सारला आणि सॉफ्ट सेल निघाली, पन्नास पेन्सला. लेबलवर जांभळ्या शाईत एका मुलीचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'परत कर'. त्याखाली दोन रेघा.