बेसबॉलची स्कोअरबुकं स्प्रेडशीटमध्ये उतरवण्याचं काम: सहावी वही पूर्ण

काल रात्री सहावी वही संपली. चौदापैकी सहा. वह्या क्रमाने घेत नाहीये. ज्यांची शाई उडत चालली आहे त्या आधी. पेन्सिलीने लिहिलेली पानं जवळजवळ चाळीस वर्षांनीही स्वच्छ वाचता येतात, बॉलपेनची मात्र पाठीमागे उमटून दोन्ही बाजू खराब झाल्या आहेत. अशा पानांमागे काळा कागद ठेवून स्कॅन केलं की मागची बाजू बरीच दबते. ज्यांच्याकडे जुनी स्कोअरबुकं आहेत त्यांनी करून बघा.

यातल्या चार वह्या बाबांच्या आहेत. बॉस्टनजवळ वॉल्थमला आलो तेव्हा त्यांना बेसबॉल अजिबात ठाऊक नव्हता, पण दादरच्या मैदानांवर क्रिकेटचा स्कोअर लिहायची वर्षानुवर्षांची सवय होती. खेळ त्यांना कळला तो लिहिता लिहिता. बेसबॉलचं बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकडेवार तक्ता, रूढ करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटवर लिहिणारा, हे समजल्यावर त्यांना हा खेळ घरचाच वाटायला लागला. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद होण्यासाठी, ‘के’ हे अक्षर त्याचंच. ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं.

या वहीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 25 ऑक्टोबर 1986 च्या पानाने. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, शे स्टेडियम, आपले बॉस्टनचे रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्कचे मेट्स. मी अकरा वर्षांची होते, बाबांच्या शेजारी टीव्हीसमोर बसले होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यात पक्कं होतं की आपण पुढे होतो आणि आपला फर्स्ट बेसमन बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला म्हणून हरलो. बाबांच्या चौकटी (बॅटरच्या प्रत्येक पाळीची एक) वेगळं सांगतात. दहाव्या इनिंगमध्ये 5-3 अशी आघाडी, दोन आउट, बेसवर कुणी नाही. मग कार्टर, मिचेल, नाइट, तिघांचे ओळीने सिंगल. 5-4. मग आपला पिचर बॉब स्टॅनलीचा वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला न आवरलेला भरकटलेला चेंडू, मिचेल घरी, 5-5. मुकी विल्सनच्या चौकटीतला ‘ई-3’, म्हणजे फर्स्ट बेसमनची चूक, येतो त्यानंतर. म्हणजे तो चेंडू बकनरच्या हातात बसला असता तरी सामना बरोबरीतच होता, आणि सिरीजचा सातवा सामना तर अजून व्हायचाच होता. मी रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या संग्रहातल्या नोंदीशी एकेक चौकट ताडून पाहिली. बाबांची एकही चूक नाही. बकनरने पुढे किती वर्षं काय सोसलं ते आपण सगळे जाणतो. ते पान उतरवताना मला फार वाईट वाटलं, कारण लहानपणी मीही त्यालाच बोल लावला होता.

आपल्या पिचरचं, पेद्रो मार्टिनेझचं, 10 सप्टेंबर 1999 चं पान भराभर झालं. यांकी स्टेडियम, 17 स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार बाहेरचे चेंडू पडून बॅटरला फुकट बेस) नाही, 28 बॅटर. नॉब्लॉकला चेंडू लागला आणि तो चोरी करताना बाद झाला, चिली डेव्हिसचा होमरन, बस. पानभर ‘के’च ‘के’. इतकं देखणं पान माझ्याकडे दुसरं नाही.

तरीही माझा खेळाडू म्हणजे रेड सॉक्सचा पिचर टिम वेकफील्डच. नकलबॉल, म्हणजे जवळजवळ न फिरणारा संथ चेंडू, टाकणाऱ्याचं पान कधी देखणं नसतं, कारण चेंडू कुठे जाणार हे ना कॅचरला माहीत ना त्याला स्वतःला. 2003 मध्ये अकराव्या इनिंगच्या पहिल्याच चेंडूवर यांकीजच्या एरन बूनने त्याला होमरन मारला आणि आपला सीझन संपला. मी पेन्सिल फेकून दिली. दहा मिनिटांनी बाबांचा फोन: “शेवटची चौकट भरलीस ना?” भरली नव्हती. मग भरली.

पुढच्या वर्षीची पानं या वहीत शेवटी आहेत. यांकीजविरुद्धच्या सिरीजमध्ये 19-8 ने धुतले गेलो त्या तिसऱ्या सामन्यात वेकफील्डने चौथ्या सामन्यात सुरुवातीचा पिचर होण्याची आपली पाळी सोडून 3⅓ इनिंग टाकल्या, बाकीच्यांचे हात वाचावेत म्हणून. दुसऱ्या रात्री मिलारचा वॉक, डेव्ह रॉबर्ट्सची चोरी, म्युलरचा बरोबरी करणारा सिंगल. सगळ्यांना तेच आठवतं आणि ते बरोबरच आहे. पण वेकफील्डच्या त्या इनिंग नसत्या तर ती रात्र बाराव्या इनिंगपर्यंत रेटायला पिचर उरले असते का, असं मला राहून राहून वाटतं.

पाचवा सामना बाबा त्यांच्या घरी लिहीत होते, मी माझ्या. त्यामुळे दोन प्रती आहेत. तेराव्या इनिंगला वेकफील्ड पिचर, व्हॅरिटेक कॅचर, स्कोअर 4-4. शेफील्डच्या चौकटीत मी ‘के’ लिहून पुढे ‘पीबी’ (पास्ड बॉल) लिहिलंय, कारण चेंडू कॅचरच्या हातून निसटला आणि तो पहिल्या बेसवर पोचला. त्याच इनिंगमध्ये आणखी दोन पास्ड बॉल. यांकीज दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, आणि मग सिएराचा स्ट्राइकआउट. चौदाव्यात ऑर्टिझचा सिंगल, विजय वेकफील्डच्या नावावर.

बाबांनी पास्ड बॉलला ‘पीबी’ कधी लिहिलं नाही. त्यांच्या लेखी तो बाय. त्यांच्या प्रतीत तेराव्या इनिंगला तीनदा ‘बा.’ आहे, तिसरा इतका दाबून लिहिलेला की पेन्सिलीचं टोक कागदात रुतलंय. बाकी सगळ्या खुणा मी एकसारख्या करून घेतेय. स्प्रेडशीटमध्ये हे तीन ‘बा.’ तसेच ठेवलेत.