आत्यांच्या गॅसचे पैसे जात कुठे होते?

आमच्या घरी गॅस २०१७ साली आला, उज्ज्वला योजनेतून, सासूबाईंच्या नावावर. मी त्यांना आत्या म्हणते. त्याआधी सगळा स्वयंपाक चुलीवर. आमचं गाव बार्शी तालुक्यात, तुरीचा पट्टा, त्यामुळे तुराट्यांना तोटा नाही. पण पावसाळ्यात त्या ओल्या झाल्या की घरभर धूर व्हायचा, आणि आत्या फुंकणीने फुंकून फुंकून शेवटी पदराने डोळे पुसत बसायच्या. शेगडी आली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

पण टाकी भरून आणायला पैसे लागतात. मी ब्लाऊज शिवते, आमचे हे मार्केट यार्डात हमाली करतात. आठशेच्या वर रुपये एकदम काढायचे म्हणजे आठवडाभर इकडचं तिकडे करावं लागतं. म्हणून आमच्याकडे वर्षाला चार-पाचच टाक्या लागतात. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली. उज्ज्वलाच्या बायकांना आणि लाडक्या बहिणींच्या कुटुंबांना वर्षाला ३ टाक्या मोफत. गावात सगळ्यांना वाटलं की टाकीवाला येईल, टाकी ठेवेल आणि जाईल. तसं नव्हतं. टाकी आधी पूर्ण पैसे देऊन घ्यायची, मग पैसे खात्यात येणार. उज्ज्वलावाल्यांना केंद्राचे ३०० रुपये आधीपासून मिळत होते, त्यावर राज्याचे ५३०, मिळून ८३०. एका महिन्यात एकाच टाकीचे पैसे, आणि एका रेशनकार्डावर एकालाच लाभ. मला लाडकी बहीणचे १५०० मिळत होते, पण गॅस आत्यांच्या नावावर, म्हणून हे पैसे त्यांच्याच खात्यात येणार होते.

आम्ही ऑगस्टमध्ये टाकी घेतली, मग दिवाळीच्या तोंडावर, मग संक्रांतीला. प्रत्येक वेळी मी पैसे डाळीच्या डब्यातून काढून दिले आणि मनात म्हटलं, येतीलच परत. मार्चमध्ये आत्यांचं पासबुक भरून आणलं, तर त्यात काहीच नाही. बारकाईने पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अन्नपूर्णाचे तर नव्हतेच, पण साधे ३०० रुपयेसुद्धा डिसेंबर २०२३ नंतर आले नव्हते. सव्वा वर्ष आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गॅस एजन्सीत गेले. तिथला माणूस म्हणाला, "केवायसी राहिलीय, म्हणून अडकलं असेल. आजींना घेऊन या." केवायसी म्हणजे ओळख पटवून घेणं. आत्या ६७ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि एसटी दिवसाला दोनदाच. तरी गेलो. अंगठ्याच्या मशीनवर आत्यांचा अंगठा उमटेचना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. एक बोट, दुसरं बोट, पदराला पुसून पुन्हा तेच बोट, दर वेळी मशीनवर लाल दिवा. आत्या कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय का गं?" मला फार वाईट वाटलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीने सांगितलं की चेहऱ्यावरूनही केवायसी होते. मग त्या माणसाने आत्यांना दाराजवळ उजेडात बसवलं, मोबाईल समोर धरला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली आणि दोन मिनिटांत काम झालं. या केवायसीला एक रुपयाही लागत नाही, कुणी मागितला तरी देऊ नका.

आम्हाला वाटलं, सुटलो. महिना गेला. काही नाही. एप्रिलमध्ये टाकी ५० रुपयांनी महागलीसुद्धा.

मग मी १८००-२३३३-५५५ वर फोन लावला. हा गॅसच्या तक्रारींचा फुकटचा नंबर आहे, गळतीसाठीचा १९०६ वेगळा. ग्राहक क्रमांक दिला, गॅसच्या पुस्तकावर असतो तो. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, पैसे तर प्रत्येक टाकीला गेलेत. आधारला जोडलेल्या खात्यात जमा आहेत." मी म्हटलं, आमचं खातं आधारला जोडलेलंच आहे, बँकेत झेरॉक्स दिली होती.

इथेच आम्ही चुकलो होतो, आणि मला वाटतं गावातल्या निम्म्या बायका इथेच चुकतात. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी खातं आधारला जोडणं वेगळं. आधार कितीही खात्यांना देता येतं, पण सरकारी पैसे एकाच खात्यात जातात, आणि ते म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेलं खातं. एजन्सीत कोणत्या पासबुकाची झेरॉक्स दिली होती, याला तिथे काही अर्थ नसतो. हे आम्हाला एवढ्या चकरांत कुणीच सांगितलं नाही. एजन्सीतल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आत्यांच्या गुडघ्यांचे हाल वाचले असते.

कोणतं खातं जोडलंय हे आधारच्या साईटवर दिसतं, पण त्यासाठी ओटीपी येतो, आणि आत्यांच्या आधारला धाकट्या दिरांचा जुना, बंद पडलेला नंबर होता. म्हणून आधी आधार केंद्रात नंबर बदलला. तेव्हा ५० रुपये घेतले, रीतसर पावती दिली. तिथेही अंगठा उमटला नाही, पण बुबुळांवर भागलं. आठवड्याने माझ्या मोबाईलवर ओटीपी आला. साईटवर "बँक सीडिंग स्टेटस" म्हणून आहे, म्हणजे आधारला कोणती बँक जोडलीय ते, ते उघडलं. बँकेचं नाव वाचलं आणि आत्यांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर गटाची बँक."

जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या बचत गटाला कर्ज मिळणार होतं. त्यासाठी बाराही जणींची खाती एका बँकेत उघडली होती. समाजमंदिरात शिबिर झालं, एकेकीला बोलावून आधार घेतलं, फॉर्मवर अंगठे घेतले. कर्ज काही मिळालं नाही, गट मोडला, पासबुकं कुणाच्या हातात आली नाहीत. पण त्या दिवसापासून आत्यांचे सरकारी पैसे तिकडे वळले होते. फॉर्मवर तशी संमती छापलेली असणार. कुणी वाचून दाखवली नव्हती, आणि आत्यांना वाचता येत नाही. अडाणी बाईचा अंगठा घेताना कशावर घेतोय हे तिला दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या शाखेतल्या क्लार्क बाई मात्र चांगल्या होत्या. फोटो, आधार, पॅन नाही म्हणून एक वेगळा फॉर्म, एवढं झालं आणि त्यांनी नवं पासबुक छापून दिलं. मी काउंटरवरच बोट ठेवून मोजलं. ३०० पाच वेळा, ५३० दोन वेळा. २,५६० रुपये. तिसऱ्या टाकीचे ५३० तेवढे अजून आलेले नव्हते. आत्यांनी पासबुक हातात घेतलं, आकडे कळत नसताना ते पान बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे दिलं.

खातं परत जुन्या बँकेला जोडायचं तर तिथे आधार सीडिंगचा संमती अर्ज भरायचा. तो भरला, आठ दिवसांनी साईटवर जुन्या बँकेचं नाव दिसलं, मग मी निश्चिंत झाले. तुम्हीही पासबुक भरायला जायच्या आधी हे एकदा तपासा, एका घरात दोन-तीन खाती असतील तर नक्कीच.

माझं एक म्हणणं आहे. ज्या घरात आठशे रुपये एकदम निघत नाहीत, त्याच घरासाठी ही योजना आहे. मग ते ८३० टाकी घेतानाच बिलातून वजा झाले तर काय बिघडेल? आमच्या शेजारच्या घरात टाकी रिकामी पडून आहे, ती पैसे परत मिळणार नाहीत म्हणून नाही, आधी द्यायला नाहीत म्हणून.

गटातल्या आणखी दोघी आता माझ्यासोबत आल्या. एकीचे १,४०० रुपये त्याच बँकेत सापडले. दुसरीचं खातं बरोबर निघालं, पण गॅस तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. तो तिच्या नावावर करायला एजन्सीतून फॉर्म आणलाय, सोमवारी त्यांच्या सह्या घेऊन जायचं आहे.