तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्स कोणती?

सप्टेंबर लागला की हा प्रश्न ठरलेला. ‘कासच्या एवढ्याशा फुलांचे फोटो काढता, लेन्स कोणती वापरता?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महागडी मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारी, असते, त्यामुळे उत्तर ऐकून त्याचा जरा हिरमोडच होतो. फिल्मच्या काळातली ५० एमएम लेन्स, उलटी लावलेली.

उलटी म्हणजे अक्षरशः उलटी. लेन्सच्या पुढच्या आट्यांवर रिव्हर्स रिंग फिरवायची आणि त्या बाजूने ती कॅमेऱ्यात बसवायची. एरवी कॅमेऱ्याच्या आत असणारं तोंड आता फुलाकडे येतं. ५० एमएम अशी लावली की फूल सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागी असलेल्या चिपवर, जवळपास त्याच्या खऱ्या आकाराचं उमटतं. २८ एमएम लावली तर दुपटीहून मोठं. रिंग काही शे रुपयांत मिळते. लेन्स मात्र जुनीच शोधा, अंगावर अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहान-मोठं करायची, रिंग असलेली. नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेरा चालवतो, आणि उलटी केली की दोघांचा संबंधच तुटतो. जुन्या स्टुडिओंच्या कपाटात अशा लेन्स अजून पडून असतात. घेण्याआधी आत टॉर्च मारून बघा. सातारच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही. लेन्सचं मागचं झाकण मधून गोल कापून परत बसवलं, तर उघड्या पडलेल्या काचेला थोडा आडोसाही होतो.

पण खरं सांगू का, लेन्स हा यातला सगळ्यात सोपा भाग. दवबिंदू घ्या, ती किडे खाणारी वनस्पती. पानावर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, एखाद्यात चिलट अडकलेलं. अ‍ॅपर्चर एफ/८ इतकं बारीक ठेवलं तरी या अंतरावर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. एक थेंब लख्ख, शेजारचा गायब. इथे फोकसची रिंग फिरवून काही होत नाही, अख्खा कॅमेराच केसभर पुढे-मागे सरकवावा लागतो. म्हणजे आधार हवा. मी जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापून पिशवी शिवली आणि आत ज्वारी भरली. धुक्यात धान्य ओलावतं आणि कुबट वास मारतं, म्हणून ज्वारी आधी जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेली.

उभ्याने फोटो काढायचा तर दोरी पुरते. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुताचा बोल्ट मागा, म्हणजे पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा. तो कॅमेऱ्याच्या बुडाशी बसवायचा, त्याला दोरी बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. सहा एमएमचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे वेगळे. रेटून बसवलात तर कॅमेऱ्याचे आटे जातील. शिवाय कॅमेऱ्यातलं भोक पाचेक मिलिमीटरच खोल असतं, तेव्हा बोल्टवर आधी नट चढवून तेवढंच टोक मोकळं ठेवा.

उजेडाचं दुखणं वेगळं. लेन्स फुलापासून चार-पाच सेंटिमीटरवर येते, तिचीच सावली फुलावर पडते, आणि इतक्या जवळून उजेड दोन स्टॉपने घटतो, म्हणजे पाव हिस्साच उरतो. मग फ्लॅश आला, आणि नुसता फ्लॅश फुलाचं वाटोळं करतो. माझा डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, हा कंदी पेढ्यांचा खोका. आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, झाकणात कापलेल्या खिडकीवर बटर पेपर. (पेढे संपवायला घरचे मदत करतात.) फरक बघायचा तर दवबिंदूच्या थेंबातच बघा. नुसत्या फ्लॅशने त्यात एक टोचणारा पांढरा ठिपका येतो. खोक्यातून उजेड आला की थेंबात बटर पेपरचा मऊ चौकोन दिसतो आणि थेंबाची गोलाई कळते.

आता कासचं. हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. जांभ्यावर मातीचा पातळ थर, त्यातच गेंद आणि सीतेची आसवं उगवतात. एका फोटोसाठी त्यावर आडवं पडणाऱ्यांना मी फोटोग्राफर म्हणत नाही. ज्वारीची पिशवी वाटेवरच ठेवायची, हात पोहोचेल तेवढीच फुलं आपली. सराव करायला घराची शेवाळलेली भिंत किंवा कुंडीतलं गवत पुरतं.

मोबाइलवाल्यांनी जुन्या लेझर पॉइंटरमधली बारीक भिंग काढून केसांच्या पिनेत धरावी आणि मोबाइलच्या लेन्सवर चिकटपट्टीने बसवावी. कडा धूसर येतात, पण मध्यभाग बघून चकित व्हाल.

फ्लॅशच्या बाबतीत मात्र जुगाड नको. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरला, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या टोकाला, दोनशे व्होल्टहून जास्त दाब असतो, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. आणि फ्लॅश उघडून बघायचा तर मुळीच नाही. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट शिल्लक असू शकतात. लेन्सचे पैसे वाचलेच आहेत, त्यातून साधा नवा फ्लॅश घ्या.