जिंकून झाल्यावर

'अमेरिका' नावाच्या शिडाच्या होडीनं २२ ऑगस्ट १८५१ या दिवशी इंग्लंडमधल्या आयल ऑफ वाइट बेटाला फेरी मारली आणि एक चांदीची झारी जिंकली. ती झारी म्हणजे आजचा 'अमेरिकाज कप'. तिच्यात पाणी भरायची सोय नाही, कारण तिला बूडच नाही. तरी तिच्यापायी गेली पावणेदोनशे वर्षं जगातले गडगंज लोक एकमेकांच्या उरावर बसत आले आहेत. बसोत बापडे. मला उत्सुकता आहे ती होडीची. शर्यत एका दिवसात संपली आणि होडी पुढं नव्वदहून जास्त वर्षं जगली. ती वर्षं तिनं काढली कशी?

मुळात तिचा जन्मच घासाघिशीत झाला. न्यूयॉर्क यॉट क्लबचे अध्यक्ष जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांच्या मित्रमंडळींनी वर्गणी काढली, जॉर्ज स्टीअर्स या तरुणानं आराखडा केला आणि विल्यम ब्राउनच्या गोदीत काम सुरू झालं. किंमत ३०,००० डॉलर. पण होडी सगळ्यांत वेगवान निघाली नाही तर एक छदामही मिळणार नाही, ही अट. चाचणीत ती हरली, आणि हरली ती स्टीव्हन्स यांच्याच 'मारिया' या होडीकडून. मग मंडळींनी ती २०,००० ला पदरात पाडून घेतली. माणसं व्यवहारात मुरलेली होती, हे मान्य करायला हवं.

इंग्लंडात मात्र तिला पाहून लोक चक्रावले. तिथल्या होड्यांचं तोंड बोथट आणि मागची बाजू निमुळती. हिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सुरीसारखी, आणि रुंदी यायची ती थेट मध्यावर. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची, वाऱ्यानं फुगून झोळ पडणारी; वीण घट्ट व्हावी म्हणून त्यांवर पाणी मारायचे. हिची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, खालच्या दांड्याला दोरीनं आवळून बांधलेली, इस्त्री केल्यागत सपाट. त्यामुळं वाऱ्याच्या तोंडावर चढताना तिला कोणी गाठू शकत नव्हतं. हा वेग निव्वळ शिडांचा, यावर काहींचा विश्वासच बसेना. मार्क्विस ऑफ अँगल्सी हे त्र्याऐंशी वर्षांचे उमराव, वॉटर्लूच्या लढाईत एक पाय गमावलेले. तळाशी चोरून पंखा बसवलाय का ते बघायला ते होडीच्या मागच्या कठड्यावरून इतके वाकले, की स्टीव्हन्स यांनी त्यांचा उरलेला पाय धरून त्यांना वाचवलं, असं सांगतात.

शर्यतीबद्दल फार लिहीत नाही. ती सगळीकडे लिहिलेली आहे. १५ होड्या होत्या आणि 'अमेरिका' रात्री साडेआठच्या सुमारास पहिली आली. दुसरी आलेली 'अरोरा' तिच्यापेक्षा कितीतरी लहान होती आणि थोड्याच मिनिटांनी पोचली. आकारानुसार वेळेची सूट त्या दिवशी असती तर निकाल पार अटीतटीचा झाला असता. शिवाय नॅब इथं दिवा लावून नांगरलेल्या नौकेला, म्हणजे दीपनौकेला, 'अमेरिका'नं बाहेरून वळसा घातला नव्हता. तक्रारही झाली, पण दिलेल्या सूचनांमध्येच गोंधळ होता म्हणून ती फेटाळली गेली. राणी व्हिक्टोरियानं 'दुसरं कोण?' असं विचारल्यावर 'दुसरं कोणीच नाही' असं उत्तर मिळाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. गोष्ट म्हणून झकास आहे, एवढंच म्हणतो.

जिंकल्यावर १० दिवसांच्या आत त्या रसिक मंडळींनी होडी लॉर्ड डी ब्लाकिएर यांना ५,००० पौंडांना विकली आणि ती झारी घेऊन घरी गेले. झारीचंही नशीब काही वेगळं नव्हतं. ती वितळवून सर्वांना पदकं करून वाटावीत, असा विचार चालला होता. पुढं १८५७ मध्ये त्यांनी ती क्लबला दिली आणि ती वाचली.

होडी मात्र या हातातून त्या हातात फिरत राहिली. नाव बदललं, 'कॅमिला' झाली. कुठं नुसती पडून सडली, कुठं दुरुस्त झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा ती दक्षिणेकडच्या बंडखोरांच्या हाती लागली, आणि उत्तरेचं सैन्य जवळ आल्यावर त्यांनी तिला फ्लोरिडातल्या एका खाडीत बुडवून टाकलं. उत्तरेच्या नौदलानं ती वर काढली, तिचं जुनं नाव परत दिलं, तोफा चढवल्या आणि दक्षिणेची बंदरं रोखायच्या कामाला जुंपली. हा भाग वाचताना मुंबईकरानं कान टवकारावेत. याच नाकेबंदीनं दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, बॅक बेचा समुद्र बुजवायला काढलेल्या कंपनीचे शेअर, १८६५ मध्ये युद्ध संपताच झालेला धुव्वा, हे सगळं त्यातलंच. सुती शिडांच्या जोरावर नाव कमावलेली होडी कापूस अडवायला उभी होती!

पुढं ती नौदलाच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेली. १८७० मध्ये तिच्याच चषकासाठी न्यूयॉर्कला पहिली लढत झाली, त्यात ती उतरली आणि चौथी आली. एकोणीस वर्षांची, तोफा वाहून दमलेली होडी. मला हा चौथा नंबर १८५१ च्या पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. १८७३ मध्ये नौदलानं ती जनरल बेंजामिन बटलर यांना ५,००० डॉलरना विकली. ते १८९३ मध्ये वारले. पुढच्या काळात ती बांधून ठेवली गेली आणि १९२१ मध्ये चाहत्यांनी निधी जमवून ती एका डॉलरला नौदलाच्या अ‍ॅनापोलिसच्या अकादमीकडे सोपवली. तिथं ती किनाऱ्यावर ओढून छपराखाली ठेवली. मार्च १९४२ मध्ये बर्फाचं वादळ आलं, बर्फाच्या भारानं छप्पर तिच्यावर कोसळलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. लाकडी होडीकडे बघायला कुणाला वेळ होता? १९४५ मध्ये मोडतोड म्हणून तिची विल्हेवाट लावली.

झारी तोवर न्यूयॉर्कच्या क्लबात लांबलचक बोल्टानं घट्ट आवळून ठेवलेली होती. ती १९८३ मध्ये 'ऑस्ट्रेलिया २' या होडीनं जिंकून नेईपर्यंत, म्हणजे १३२ वर्षं, अमेरिकेतच होती.

होडीच्या मागच्या बाजूला लाकडात कोरलेला एक सोनेरी गरुड होता, तोही आज त्या क्लबकडे आहे. इंग्लंडातल्या दुरुस्तीत तो काढून टाकलेला. पुढं आयल ऑफ वाइटवरच्या एका हॉटेलाच्या दारावर तो पाटी म्हणून टांगला होता, म्हणूनच तो शाबूत राहिला.