कैरोतल्या ममी आणि केसांवरून भांडणं

पिरॅमिड सगळेच बघतात, पण कैरोला गेलात तर फुस्तात या जुन्या भागातलं सिव्हिलायझेशन म्युझियम चुकवू नका. एप्रिल 2021 मध्ये तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममधून 22 राजेराण्यांच्या ममी वाजतगाजत इकडे आणल्या, त्या इथे खालच्या अंधाऱ्या दालनात आहेत, फोटोला मनाई.

राजा दुसरा रामसेस बघायला ही गर्दी. बाकदार नाक, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला विरळ, पिवळट-तांबूस केस. प्राचीन इजिप्शियन कुठल्या वंशाचे, यावरून माझ्या बाजूचे दोन टुरिस्ट लगेच सुरू, एक म्हणे हे युरोपियन, दुसरा म्हणे छे, अस्सल आफ्रिकन! म्हातारा नव्वदीत गेला, केस पिकलेलेच होते आणि ममी करताना लावलेल्या मसाल्यांनी रंग चढला असं आधी मानायचे, मग 1976 ला ममीवर उपचार करायला पॅरिसला नेली तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी केसांची मुळं तपासून तरुणपणी तांबडेच होते असं सांगितलं. बरं, असतील. तेवढ्यावरून अख्ख्या देशाचा वंश ठरवायचा?

राणी तियेचे केस मात्र बघतच राहावं असे, तपकिरी, लांब, लाटालाटांचे. तुतनखामुन तिचा नातू, त्याच्या कबरीत एका चिमुकल्या शवपेटीत आजीची बट जपून ठेवलेली सापडली होती.

आणि गंमत म्हणजे माइहेरप्री. लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात 1899 मध्ये सापडलेला सरदार, सावळा, डोक्यावर बारीक बारीक कुरळ्या बटा, त्याचा फोटो तर प्रत्येक वादात पुरावा म्हणून निघतो. तो विग आहे हो, टाळूला चिकटवलेला! तिकडे पुजारी डोकं तासून घ्यायचे, श्रीमंत लोक माणसाच्याच केसांचे विग घालायचे, वर मेण आणि राळ लावून बटा बसवायच्या. म्हणजे चित्रात न् पुतळ्यात दिसतात ते केस बऱ्याचदा त्यांचे स्वतःचे नाहीतच, आणि आपण त्यावरून हमरीतुमरीवर येतोय.

2017 ला अबुसिर अल-मेलेकच्या ममींचा डीएनए आला, तो पश्चिम आशियाकडे जास्त झुकणारा, झालं, 'आफ्रिकन नव्हतेच' म्हणणाऱ्या गटाने फटाके फोडले. पण ती जागा एक, उत्तरेकडची. खाली दक्षिणेला अस्वानकडे ट्रेनने उतरलात की चेहरे कसे बदलत जातात ते खिडकीतूनच दिसतं.

लक्सरला राजा पहिल्या सेतीच्या कबरीचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, तरी काढा. तिथे प्राचीन इजिप्शियनांनी माणसांचे चार गट रंगवलेत, न्युबियन काळे, लिबियन फिकट, आशियाई दाढीवाले, आणि स्वतः तांबूस-तपकिरी.